शहरे पांगवा, बॉम्बपासून वाचा?

अमेरिकेतील बऱ्याच शहरांच्या मध्यभागी उंच इमारतींचा पुंजका दिसतो आणि त्याभोवती मैलोन् मैल पसरलेली, अंगण असलेली बैठी घरे. शहरे अशी का पसरली याची कारणे शोधू लागलो, की एक अनपेक्षित नाव पुढे येते: अणुबॉम्ब. १९४५ नंतर काही वर्षे तेथील वैज्ञानिक आणि नगररचनाकार शहरे मुद्दाम विरळ करण्याच्या योजना आखत होते. त्यामागचे गणित शालेय भूमितीने समजण्यासारखे आहे.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बची शक्ती सुमारे १५ किलोटन होती, म्हणजे १५ हजार टन टीएनटी या स्फोटकाएवढी. स्फोटाखालच्या बिंदूपासून साधारण १.६ किलोमीटरपर्यंतचे शहर जवळजवळ पूर्ण नष्ट झाले. या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ८ चौरस किलोमीटर भरते. समजा, एवढ्याच जागेत दहा लाख लोक दाटीने राहतात. एक बॉम्ब पडला तर सगळेच संकटात येतील. पण तेच लोक एकमेकांपासून पाच-पाच किलोमीटरवर असलेल्या दहा लहान गावांत विभागले, तर एका बॉम्बच्या तडाख्यात एकच लाख लोक सापडतील. सगळ्यांना गाठायला शत्रूला दहा बॉम्ब लागतील. आणि त्या काळी बॉम्ब मोजकेच होते.

असा विचार १९४६ साली पदार्थवैज्ञानिक एडवर्ड टेलर यांनी जेकब मार्शाक आणि लॉरेन्स क्लाइन या अर्थशास्त्रज्ञांसह एका लेखात मांडला. ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने पहिली अणुचाचणी केली आणि या चर्चेला धार आली. १९५० मध्ये गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरांभोवती रस्ते, लोहमार्ग आणि रुग्णालये असलेले वर्तुळाकार पट्टे सुचवले. १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी उद्योग पांगवण्याचे धोरण जाहीर केले.

पण तोवर बॉम्बच बदलू लागला होता. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटांवर अमेरिकेने चाचणी घेतलेला हायड्रोजन बॉम्ब १५ मेगाटनचा होता, म्हणजे हिरोशिमाच्या हजारपट. मग विध्वंसाची त्रिज्या हजारपट वाढते का? नाही. स्फोटाची ऊर्जा सर्व दिशांना, म्हणजे गोलाच्या आकारमानात पसरते, आणि आकारमान त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दाबलाटेने होणाऱ्या विध्वंसाची त्रिज्या शक्तीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. हजाराचे घनमूळ दहा. १.६ किलोमीटरचे झाले १६ किलोमीटर, आणि क्षेत्रफळ शंभरपट, म्हणजे सुमारे ८०० चौरस किलोमीटर. पाच-पाच किलोमीटरवर वसवलेली आपली दहाही गावे आता एकाच वर्तुळात येऊ शकतात. शिवाय त्या चाचणीतील किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या राँगेलाप बेटावर पडली आणि तेथील रहिवासी आजारी पडले. एवढ्या अंतरापुढे उपनगराचे अंतर ते किती! हा बॉम्ब बनवावा म्हणून सर्वांत जास्त आग्रह धरणाऱ्यांत टेलरच होते.

मग उपनगरे वाढली ती बॉम्बच्या भीतीने का? तेवढ्यानेच नाही. १९३४ पासून घरकर्जाला सरकारी हमी मिळत होती, १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सवलतीची कर्जे मिळाली आणि मोटारी वाढल्या. १९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांचे जाळे आखले. त्याच्या अधिकृत नावात ‘संरक्षण’ हा शब्द घातला होता, आणि शहरे रिकामी करायला रस्ते हवेत हेही एक कारण सांगितले गेले. पण रोजच्या रोज त्यांवरून धावली ती नोकरदारांची मोटार.

आणि बाहेर पडता आले ते कोणाला? न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून उभारलेल्या लेव्हिटाउन या प्रसिद्ध वसाहतीच्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज इतरांना राहण्यास मनाई होती. सरकारी हमीची कर्जेही कृष्णवर्णीय वस्त्यांना सहसा नाकारली जात. म्हणजे ज्या मध्यभागाला नकाशावर सर्वाधिक धोका, तेथेच त्यांतील अनेकांना राहावे लागले. गणिताने माणसांची संख्या मोजली होती. ती माणसे कोण, हे त्यात नव्हते.

हा भाग आठवी-नववीच्या वर्गात सहज घेता येईल. आलेख कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे २ किलोमीटर असे प्रमाण घ्यावे. मुलांना दहा गावे हवी तशी मांडू द्यावीत. मग ०.८ सेंटिमीटर आणि ८ सेंटिमीटर त्रिज्येची वर्तुळे कापून ती नकाशावर सरकवावीत आणि प्रत्येक वर्तुळात जास्तीत जास्त किती गावे सापडतात ते मोजावे. शेवटी मुलांना विचारावे: मोठ्या वर्तुळातूनही वाचायचे तर गावे किती दूर न्यावी लागतील, आणि एवढ्या लांब जाणे गावातल्या कोणाकोणाला जमेल?