जोडणारी पट्टी

घर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हे काम पाहणाऱ्यास सोपे वाटते. करणाऱ्यास मात्र त्यातील कष्ट कळतात. भंडारा जिल्ह्यातील कित्येक कुटुंबांना हा अनुभव आलेला आहे. वैनगंगा नदीवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पुढे धरणात पाणी साठू लागले, तेव्हा नदीकाठच्या अनेक गावांतील लोकांना आपली घरे सोडून नव्या गावठाणांत जावे लागले. पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार गाडीत भरताना एक गोष्ट ध्यानात येते. संसार हा जसा वस्तूंचा असतो, तसाच तो जोडांचाही असतो. सुरीला मूठ, आरशाला चौकट, पेटीला कडी, पुस्तकाला बांधणी. हे जोड शाबूत असतील तरच वस्तू उपयोगी पडते. जोड सुटला की वस्तू अडगळीत जाते.

म्हणूनच माणसाने जोडण्याची नाना साधने शोधून काढली. भंडारा हे नगर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. घागरीला चीर पडली, तर कारागीर तिला डाख देऊन ती पुन्हा पाणी धरण्याजोगी करी. पळस आणि कुसुम या झाडांवर लाखेचे किडे वाढतात. त्यांच्यापासून मिळणारी लाख तापवून सुरीचे पाते मुठीत पक्के बसवीत. अंबाडीच्या दोरांनी ओझी बांधीत आणि पिठाची खळ लावून कागद चिकटवीत. परंतु या प्रत्येक साधनाची काही ना काही मागणी असे. डाख देण्यास भट्टी हवी, लाखेला विस्तव हवा, खळ वाळण्यास वेळ हवा. विस्तव, पाणी अथवा वेळ यांपैकी काहीच न मागता दोन वस्तू एकत्र धरील, असे साधन गेल्या शतकात निर्माण झाले. ते म्हणजे आज बहुतेक दुकानांत मिळणारी रुंद, रुपेरी रंगाची कापडी चिकटपट्टी. तिला ‘डक्ट टेप’ असे म्हणतात.

ही पट्टी वरवर साधी दिसली, तरी तिच्यात तीन थर असतात. सर्वांत वर प्लॅस्टिकचा पातळ थर; तो पाणी आत येऊ देत नाही. मध्ये विरळ विणीचे कापड; ते पट्टीला ताण सोसण्याची शक्ती देते. सर्वांत खाली रबरयुक्त चिकट पदार्थाचा थर. कापडाचे धागे सरळ उभे-आडवे असल्यामुळे ही पट्टी कात्रीवाचूनही हाताने सरळ फाडता येते.

आता असा प्रश्न पडेल की, खळ वाळल्यावर घट्ट होते, मग न वाळणारी ही पट्टी घट्ट कशी बसते? कोणताही पृष्ठभाग आपल्याला कितीही गुळगुळीत भासला, तरी त्यावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आणि खळगे असतात. पट्टीवरील चिकट पदार्थ फार घट्टही नसतो आणि पाण्यासारखा पातळही नसतो. आपण अंगठ्याने दाबले की तो हळूहळू त्या सूक्ष्म खळग्यांत शिरतो आणि पृष्ठभागाला अगदी लगटून बसतो. म्हणून पट्टी नुसती ठेवून भागत नाही; ती नीट दाबावी लागते. पृष्ठभागावर धूळ, तेल किंवा ओल असेल, तर पट्टी वस्तूला चिकटतच नाही. ती चिकटते ती धुळीला, आणि धुळीसह गळून पडते.

या पट्टीच्या जन्माची कथा ऐकण्यासारखी आहे. भंडारा जिल्ह्यात जवाहरनगर येथे दारूगोळ्याचा कारखाना आहे, हे तुमच्यापैकी अनेकांस ठाऊक असेल. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळी असाच एक कारखाना होता. तेथे व्हेस्टा स्टाउट नावाची एक स्त्री काडतुसांची तपासणी करून ती खोक्यांत भरण्याचे काम करी. तिचे दोन मुलगे नौदलात होते. खोक्यांना कागदी पट्टी लावून वरून मेण दिलेले असे आणि उघडण्यासाठी पट्टीचे एक टोक मोकळे ठेवलेले असे. परंतु ते टोक ओढताच कागद फाटून हातात येई, आणि खोके बंदच राही. रणांगणावर, शत्रू समोर उभा असताना, सैनिकाला काडतुसांचे खोके उघडण्यास उशीर लागला तर काय होईल, या विचाराने त्या मातेचे मन अस्वस्थ झाले.

कागदाऐवजी बळकट कापडाची, पाण्याने न भिजणारी पट्टी वापरावी, असे तिने वरिष्ठांना सुचविले. सूचना चांगली असूनही तिच्यावर कृती झाली नाही. तेव्हा १० फेब्रुवारी १९४३ रोजी तिने थेट अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पत्र लिहिले आणि पत्रासोबत आकृत्याही काढून पाठविल्या. ते पत्र युद्धसामग्रीच्या उत्पादनाची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाकडे गेले, सूचना मान्य झाली आणि जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीकडे अशी पट्टी तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. एका सामान्य कामगार स्त्रीने आपल्या रोजच्या कामातील उणीव ओळखली, तिचा पाठपुरावा केला आणि असंख्य सैनिकांची अडचण दूर झाली.

युद्धानंतर ही पट्टी घरोघरी पोहोचली; इतकेच नव्हे, तर ती चंद्राच्या वाटेवरही गेली. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ हे यान चंद्राकडे जात असता त्यातील प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. तिघा अंतराळवीरांना चंद्रावर उतरण्यासाठी नेलेल्या लहान यानाचा आश्रय घ्यावा लागला. त्यांच्याच श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड तेथे वाढू लागला. तो शोषून घेणारे जादा डबे मोठ्या यानात होते, पण ते चौकोनी. लहान यानातील जागा मात्र गोल! तेव्हा पृथ्वीवरील तंत्रज्ञांनी यानात असलेल्याच वस्तू जमवून एक तोड काढली. प्लॅस्टिकच्या पिशव्या, जाड पुठ्ठा, पोशाखाच्या नळ्या आणि चिकटपट्टी यांच्या साहाय्याने अंतराळवीरांनी चौकोनी डबा गोल तोंडाला जोडला. हवा शुद्ध झाली आणि १७ एप्रिल रोजी तिघेही सुखरूप पृथ्वीवर परतले.

पुढे डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या प्रवासात चंद्रावर चालविण्याच्या गाडीच्या चाकावरील आच्छादनाचा एक भाग तुटला. युजीन सर्नन यांनी तो पट्टीने चिकटविला. परंतु चंद्रावरील धूळ सर्वत्र बसलेली असल्यामुळे पट्टी नीट धरेना, आणि गाडी चालू लागल्यावर तो भाग गळून पडला. दुसऱ्या दिवशी चार नकाशे पट्टीने एकमेकांना जोडून त्यांचे आच्छादन करण्यात आले, आणि ते गाडीवर मात्र चिमट्यांनी घट्ट बसविण्यात आले. जेथे पट्टी पुरली नाही तेथे चिमटा कामास आला. धूळ पुसल्याशिवाय पट्टी लावू नये, हा धडा चंद्रावर जितका खरा, तितकाच तो आपल्या ओसरीवरही खरा आहे.

घर हलविण्याच्या कामी ही पट्टी फार उपयोगी पडते. पुठ्ठ्याच्या खोक्यात सामान भरण्यापूर्वी त्याच्या तळाच्या सांध्यावर एक लांब पट्टी लावावी आणि तिची टोके दोन्ही बाजूंनी वीतभर वर वळवावीत. आरशाच्या काचेवर दोन पट्ट्या फुलीसारख्या लावाव्यात. धक्क्याने काच तडकली तरी तुकडे विखुरत नाहीत. नंतर काचेवर राहिलेला चिकटा थोडे खाण्याचे तेल चोळल्यास निघून जातो. पलंगाचे सुटे केलेले बोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी पलंगाच्याच पायाला पट्टीने जखडावी, म्हणजे नव्या घरी शोधाशोध होत नाही. रंग दिलेल्या लाकडावर मात्र पट्टी लावू नये. ती काढताना रंगही तिच्याबरोबर येतो. तेथे सुतळीच बरी.

हस्तव्यवसायातही हिचा उपयोग होतो. भंडारा जिल्हा हा झाडीपट्टीचा भाग. येथे नाटकांची आवड मोठी. शाळेच्या संमेलनातील राजासाठी पुठ्ठ्याचा मुकुट करावयाचा असेल, तर त्याचे सांधे आतील बाजूने या पट्टीने जोडावेत. पुस्तकाचा सुटलेला कणा, दप्तराची उसवलेली शिवण, फाटलेली ताडपत्री यांनाही ती काही काळ आधार देते.

‘काही काळ’ हे शब्द मात्र नीट लक्षात ठेवावेत. भंडाऱ्याच्या कडक उन्हाळ्यात पट्टीवरील चिकट पदार्थ मऊ होऊन सरकू लागतो, आणि सतत उन्हात राहिल्याने वरचे प्लॅस्टिक तडकते. मोठ्या इमारतींतून हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांना इंग्रजीत ‘डक्ट’ म्हणतात, आणि त्यांवरून या पट्टीचे ‘डक्ट टेप’ हे नाव रूढ झाले. गंमत अशी की, अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९९८ साली उष्णतेत परीक्षा घेतली, तेव्हा नेमक्या त्याच नळ्यांच्या सांध्यांवर ही पट्टी टिकली नाही! म्हणून विजेच्या उघड्या तारेवर ही पट्टी कधीही लावू नये, गॅसच्या नळीची चीर तिने झाकू नये, अंगावरील जखमेस ती चिकटवू नये. अशा ठिकाणी झाकलेला दोष नाहीसा होत नाही. तो केवळ दिसेनासा होतो, आणि म्हणूनच अधिक घातक ठरतो. वडीलधाऱ्या माणसांस सांगून जाणत्या कारागिराकडून तो दुरुस्त करून घेणे, हाच खरा उपाय होय.

छपरावरचे कवेलू फुटले, तर ते बदलावेच लागते. घागर फुटली, तर तिला डाखच द्यावा लागतो. पट्टी आपल्याला तोवरचा वेळ मिळवून देते. अपोलो १३ मधील अंतराळवीरांना तिने तेवढाच वेळ मिळवून दिला, आणि त्या वेळात ते घरी पोहोचले. मिळालेल्या वेळाचा उपयोग दोष विसरण्यासाठी करावयाचा की तो मुळापासून दूर करण्यासाठी करावयाचा, हे मात्र पट्टी ठरवीत नाही. ते आपल्याच हाती असते.