दवाखाना सांभाळून प्रवेशपरीक्षेची तयारी
आयुर्वेदाच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी २०१७ पासून देशभर एकच परीक्षा घेतली जाते. २०२४ मध्ये तिचे स्वरूप १२० मिनिटांत १२० प्रश्न असे होते. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकल्यास १ गुण वजा. दिवसभर रुग्णसेवेत असणाऱ्या वैद्याने हिची तयारी कशी करावी, याविषयी आम्ही थोडे सांगू इच्छितो.

चरकसंहितेचे अध्यायही १२०च आहेत. पहाटे, रुग्ण येण्यापूर्वी, रोज एक अध्याय वाचल्यास सूत्रस्थान एका महिन्यात व संपूर्ण संहिता चार महिन्यांत पूर्ण होते.

दिवसा पाहिलेला रुग्ण हाच रात्रीचा पाठ समजावा. आमवाताचा रुग्ण आला, तर त्याच रात्री माधवनिदान उघडावे. वाचलेले लक्षण रुग्णाच्या सांध्यावर पाहिले असले की विस्मरण होत नाही. रास्नासप्तक काढा आपण नित्य देतो. परंतु रास्ना, गुडूची, आरग्वध, देवदार, गोक्षुर, एरंड व पुनर्नवा ही सात द्रव्ये न अडखळता किती जण सांगू शकतील? औषधालयाचे फडताळ हेही पाठ्यपुस्तकच होय.

मात्र अर्ज भरण्यापूर्वी घरातील मंडळींशी विचारविनिमय करावा. एम. डी. किंवा एम. एस. चा अभ्यासक्रम तीन वर्षांचा व पूर्णवेळ असतो. दवाखाना कोणाच्या हाती सोपवावा, विद्यावेतनात घरखर्च भागेल काय, जुन्या रुग्णांनी कोठे जावे, या प्रश्नांची उत्तरे संहितेत नाहीत. ती आधी ठरवावीत, म्हणजे पहाटेचा अध्याय स्थिर चित्ताने वाचता येतो.