चुनखडी, चुना आणि उष्णता

काही रासायनिक अभिक्रियांत उष्णता शोषली जाते, तर काहींत ती बाहेर पडते. हे दोन्ही प्रकार एकाच पदार्थात पाहायचे, तर चुन्यासारखे उदाहरण नाही. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत ती सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिचे विघटन होते; कळीचा चुना मागे उरतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना मिळतो; उरलेले ४४ किलो वजन वायुरूपाने हवेत जाते.

कळीच्या चुन्यावर पाणी पडताच याउलट घडते. तो विरताना एवढी उष्णता बाहेर पडते की, पाणी उकळू लागते.

भट्टीचे तापमान नेमके राखावे लागते. ते कमी पडल्यास दगडाचा गाभा कच्चा राहतो. ते फार वाढल्यास चुन्याचे कण घट्ट होतात आणि तो लवकर विरत नाही. असा चुना गिलाव्यात राहिला, तर पुढे ओलावा शोषून फुगतो आणि भिंतीवर फोड येतात.

सिमेंटसाठी चुनखडी चिकणमातीबरोबर सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापवतात. सिमेंटनिर्मितीतील कार्बन डायऑक्साइडचा निम्म्याहून अधिक भाग इंधनातून नव्हे, तर खुद्द चुनखडीतून येतो. त्यामुळे केवळ इंधन बदलून हा प्रश्न सुटत नाही. औष्णिक वीजकेंद्रांतील राख किंवा लोखंडाच्या झोतभट्टीतील मळी सिमेंटमध्ये मिसळून चुनखडीचा वापरच कमी करावा लागतो.