दोन गांवांमधली वाट : बदनापूर ते असई, सायकलीवरून

प्रवास म्हटला कीं हल्लीं आपल्या सुशिक्षित कुटुंबांत दोनच प्रश्न विचारले जातात : केव्हां पोंचणार, आणि वाटेंत फराळाची सोय काय? निघण्याचें गांव आणि पोंचण्याचें गांव यांच्यामध्यें जें कांहीं असतें, तें आतां खिडकीबाहेरचें पळतें चित्र झालें आहे. मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा, ता. ५ जून २०२५ रोजीं तो संपूर्ण खुला झाला, आणि बदनापूर व जालना या तालुक्यांतून तो जातो. त्यावर सायकलीस, इतकेंच काय, मोटारसायकलीसहि मज्जाव आहे. नियम योग्यच आहे; भरधाव मोटारींत सायकलीचें काय काम? परंतु ज्या मुलुखावरून आपण असे उडून जातों, तो मुलूख आपल्या मुलांस कधींच दिसूं नये काय? या प्रश्नाचें उत्तर बदनापुराहून निघणाऱ्या एका जुन्या वाटेवर सांपडतें, असें आमचें मत आहे.

बदनापूर हें छत्रपति संभाजीनगर आणि जालना यांच्यामधील, रेल्वेवरचें, तालुक्याचें ठिकाण. शेतकऱ्यांस तें तुरीमुळें ठाऊक आहे. येथील कृषिसंशोधन केंद्राच्या तुरीच्या वाणांना ‘बीडीएन’ हीं जीं अक्षरें लावतात, तीं बदनापुराचींच. इतिहासांत मात्र हें नांव दुसऱ्या कारणानें येतें. सन १८०३ च्या सप्टेंबरच्या २१ तारखेस जनरल वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची गांठ येथें पडली. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानें पेशवा इंग्रजांच्या ओंजळीनें पाणी पिऊं लागला होता. तें दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांस रुचलें नाहीं, आणि युद्ध पेटलें. मराठी फौजा भोकरदनाच्या बाजूस आहेत अशी खबर होती. मध्यें डोंगर. एकाच खिंडींतून सगळें सैन्य न्यावें तर वेळ जाणार आणि शत्रु निसटणार. म्हणून स्टीव्हन्सननें पश्चिमेच्या वाटेनें व वेलस्लीनें पूर्वेच्या वाटेनें जावें, आणि २४ तारखेस मिळून हल्ला करावा, असें बदनापुरीं ठरलें.

हें पुस्तकांत वाचून पाठ होतें. समजतें तें सायकलीवर. मोटारीच्या यंत्रास चढ जाणवत नाहीं, मांडीच्या स्नायूंस जाणवतो. बैलांनीं ओढावयाच्या तोफा, दाणावैरणीचे तांडे आणि हजारों माणसें या उंचसखल भूमींतून न्यावयाचीं म्हणजे काय, हें विद्यार्थ्यास तीन चढ चढून धाप लागली कीं विचारावें. फौज दोन वाटांनीं कां फुटली, याचें उत्तर तो न अडखळतां देईल.

पुढें घडलें तें याहून बोधप्रद आहे. २३ तारखेस वेलस्लीस शत्रु अपेक्षेपेक्षां जवळ, केळना नदीच्या पलीकडे असईपाशीं आढळला. इंग्रजांचे शिपाई सात हजारांच्या आंतबाहेर, शिवाय म्हैसूरकरांचें व पेशव्यांकडील घोडदळ. समोर शिंद्यांचीं कवाइती पलटणें दहा हजारांवर, शंभराच्या घरांत तोफा, आणि घोडदळ कित्येक पटींनीं अधिक. समोरच्या उतारानें नदी ओलांडणें म्हणजे तोफांच्या तोंडीं जाणें. दुसरा उतार विचारला, तर वाटाडे म्हणाले, नाहीं. तेव्हां वेलस्लीनें नदीकांठीं नजर फिरविली. अलीकडच्या तीरावर एक गांव, पलीकडच्या तीरावर त्याच्या अगदीं समोर दुसरें. इंग्रजी लेखांत पिंपळगांव व वरूर अशीं त्यांचीं नांवें आहेत. दोन गांवें अशीं समोरासमोर वसलीं आहेत, त्या अर्थीं त्यांच्यामध्यें येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असें त्यानें ताडलें. शोध केला, आणि उतार सांपडला. तो राखावयास मराठ्यांचा एकहि पहारा नव्हता.

धूमावरून अग्नीचें अनुमान करण्यास आमच्या न्यायशास्त्रानें शिकविलें. गांवांवरून वाटेचें अनुमान एका परक्यानें आमच्याच भूमीवर केलें. केळना व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यांत त्या दिवशीं घनघोर संग्राम झाला. इंग्रजांकडील दीड हजारांवर माणसें मेलीं वा जखमी झालीं, आणि शिंद्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हातीं लागल्या. तीनच महिन्यांनीं, ३० डिसेंबर १८०३ रोजीं, सुर्जी-अंजनगांवचा तह शिंद्यांस करावा लागला. पानिपत आमच्या घरांतील पोरासोरांस ठाऊक असतें. असई मात्र जिल्ह्यांत असूनहि ठाऊक नसते.

सायकलीवरून हिंडणाऱ्यानें हाच धडा उचलावा. जेथें दोन गांवें, तेथें मध्यें वाट. आणि ती वाट बहुधा मोटारीची नसते. तिला कोठें पाणंद म्हणतात, कोठें गाडवाट, कोठें शिवरस्ता. इंग्लंडांत ब्रिस्टल व बाथ या शहरांमध्यें सायकलीसाठीं निर्धोक मार्ग हवा, तर बंद पडलेल्या रेल्वेची जागा मिळवून तो नव्यानें बांधावा लागला. आपल्याकडे असे मार्ग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. गांवच्या नकाशावर पायवाट एका तुटक रेघेनें व गाडवाट दोन तुटक रेघांनीं दाखविलेली असते. दुःख एवढेंच, कीं दरवर्षी बांध थोडा थोडा सरकतो, नांगराचें एक तास वाटेवर चढतें, आणि एके दिवशीं वाट कागदावरच उरते. अडविलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमानें तहसीलदारास दिलेला आहे. पण जिच्यानें कोणी जातच नाहीं, तिच्यासाठीं तक्रार कोण करणार?

आतां मार्गक्रमाविषयीं. बदनापुराहून दाभाडीच्या बाजूनें राजूर, तेथून भोकरदन व असई, असा दोन दिवसांचा बेत कुटुंबास झेपण्यासारखा आहे. राजूरचा गणपति टेकडीवर असून साडेतीन पीठांत त्याची गणना करितात. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भरहूत येथील स्तूपांस दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे रहिवासी होते, हें तेथील शिलालेखांवरून कळतें. उत्खननांत येथें हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष सांपडला. तशाच घडणीची मूर्ति इटलींतील पाँपेई नगरांत, इ. स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखालीं मिळाली आहे. ज्या वाटेवर आपलें चाक फिरतें, त्या मुलुखांतला व्यापार एके काळीं रोमपर्यंत पोंचत होता, हें मुलांस तेथेंच उभें राहून सांगावें.

मार्गशीर्ष-पौष हे महिने उत्तम. तुरी शेंगांवर आलेल्या असतात, ज्वारी हिरवीगार असते, आणि काळी जमीन वाळलेली असते. पावसाळ्यांत मात्र या वाटांचें नांव काढूं नये. काळी माती चाकाला अशी लिंपते, कीं सायकल खांद्यावर घ्यावी लागते. बाभळीचा कांटा हा या प्रांताचा खरा पहारेकरी; पंक्चरचें सामान आणि हवा भरण्याचा पंप प्रत्येकाजवळ असावा. पहांटे निघून दहाच्या आंत पहिला टप्पा गांठावा. दशम्या, चटणी व भरपूर पाणी बरोबर घ्यावें. स्त्रियांनीं व मुलींनीं मागें राहूं नये. सर्वांत हळू चालविणाऱ्यास पुढें ठेवावें, म्हणजे कोणी मागें पडत नाहीं. उभ्या पिकांतून चाक नेऊं नये. वाट चुकल्यास पारावरच्या म्हाताऱ्यास ‘बाबा, पलीकडच्या गांवाला गाडवाट आहे का?’ असें आदरानें विचारावें. आमचीं साठ वर्षें उलटून गेलीं. तरी असें विचारतांना आम्हांस कधीं कमीपणा वाटला नाहीं, आणि उत्तराबरोबर पाण्याचा तांब्या आला नाहीं असें क्वचितच घडलें.

वाचकहो, रहदारीची वाट सरकार राखील. बिनरहदारीची वाट तिच्यावरून जाणाऱ्यांनींच राखावी लागते. सव्वादोनशे वर्षांपूर्वीं दोन गांवांमधला एक उतार आम्हीं राखला नाहीं, आणि परक्यानें तो ओळखला. येत्या सुटींत मुलांस घेऊन निघा. आपल्या तालुक्यांतल्या कोणत्याहि दोन गांवांमधली वाट शोधा, आणि ती त्यांच्याकडून कागदावर काढून घ्या.