परसातली विहीर पुन्हा वापरात आणताना

दर्यापूर तालुक्यातल्या महिमापूरची सातमजली पायविहीर शतकांनंतरही उभी आहे. निगा राखली तर परसातली विहीरही टिकते.

● हवा : बंद विहिरीत घातक वायू साचतात. वायुमापकाने तपासल्याशिवाय कुणालाही उतरवू नका. कंदील सोडून पाहणे पुरेसे नाही.

● सफाई : पाणी उपसून गाळ काढा. सांध्यांतली पिंपळाची रोपे मुळासकट उपटा.

● माप : व्यास × व्यास × पाण्याची खोली (मीटरमध्ये) × 785 = लिटर. व्यास 3, खोली 4 असेल तर सुमारे 28,000 लिटर.

● निर्जंतुकीकरण : 1,000 लिटरला साधारण 2.5 ग्रॅम ब्लीचिंग पावडर. बादलीत घोळा, निवळी विहिरीत सोडा, किमान तासभर थांबा.

● खारपाणपट्टा : पूर्णाकाठच्या खाऱ्या पाण्याचा खारेपणा ब्लीचिंगने जात नाही. पिण्याआधी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्याच.