पगार वाढला, मग भागत का नाही?

सुरत, हैदराबाद, बडोदा, भिलाई, इंदूर, जिथे कुठे असाल तिथून आज एक काम करा. घरात जुन्या कागदांची पिशवी असेल, त्यातून दहा वर्षांपूर्वीची पगाराची पावती काढून ठेवा. आजच्या गोष्टीत ती लागणार आहे.

माझं घर इंदूरचं. पीथमपूरच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं पगार विभागात होतो. हजेरी जुळवायची, जादा कामाचे तास मोजायचे, कपाती लावायच्या आणि सात तारखेच्या आत पावत्या हातात द्यायच्या, हे माझं काम. म्हणून विषमता हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर धनवंतांचे बंगले येत नाहीत. एकाच मशीनवरच्या दोन माणसांच्या दोन पावत्या येतात.

त्यातला एक मुलगा बऱ्हाणपूरचा. आयटीआय केलेला, घरात मराठी बोलणारा, त्यामुळे मला काका म्हणायचा. २०१४ मध्ये त्याला ठेकेदारामार्फत ९,००० रुपये मिळत होते. शेजारी तेच काम करणाऱ्या कायम कामगाराला त्याच्या दुपटीहून जास्त. एक दिवस तो खिडकीशी आला आणि म्हणाला, "काका, मशीन एकच, पाळी एकच, माल एकच. मग पगार दोन का?" मी म्हणालो, "ठेकेदाराला विचार, बाबा." उत्तर मला माहीत होतं, पण दिलं नाही. आज ते देतो.

आधी पगार वाढला की नाही ते तपासू. त्याच मुलाची एप्रिल २०२४ ची पावती १३,००० ची आहे. दहा वर्षांत ४,००० रुपये वाढले, म्हणजे ४४ टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण सरकारचं लेबर ब्युरो दर महिन्याला औद्योगिक कामगारांचा महागाई निर्देशांक काढतं. धान्य, तेल, भाडं, कपडे, औषधं यांच्या किमती किती चढल्या ते तो सांगतो. एप्रिल २०१४ मध्ये हा आकडा २४२ होता. एप्रिल २०२४ मध्ये तो १३९.४ दिसतो. घाबरू नका, महागाई कमी झालेली नाही. मधे २०२० मध्ये मोजणीचं मूळ वर्ष २००१ वरून २०१६ केलं गेलं. नवा आकडा २.८८ ने गुणला की जुन्या मापात येतो. १३९.४ गुणिले २.८८, म्हणजे साधारण ४०१. आता ४०१ ला २४२ ने भागा. उत्तर येतं १.६६.

याचा अर्थ, २०१४ मध्ये जे १०० रुपयांत येत होतं त्याला २०२४ मध्ये १६६ रुपये पडतात. त्या मुलाला जुन्या जागी टिकून राहायलाच १४,९०० च्या वर हवे होते. मिळाले १३,०००. जुन्या किमतींत हे १३,००० म्हणजे सुमारे ७,८०० रुपये. पावतीवर ४,००० वाढले, आणि ताटातले जवळजवळ १,२०० गेले. मधल्या काळात लग्न झालं, दोन मुलं झाली, ते वेगळंच.

हे एकट्याचं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांचा भारतातल्या रोजगारावरचा अहवाल २०२४ मध्ये आला. २०१२ ते २०२२ या काळात नियमित पगारदारांची खरी कमाई, म्हणजे महागाई वजा जाता, दर वर्षी सुमारे एक टक्क्याने घसरली असं तो सांगतो. रोजंदारीवाल्यांची खरी मजुरी मात्र याच काळात वर्षाला सुमारे २.४ टक्क्यांनी वाढली. तेव्हा सगळ्यांचंच बुडालं असं म्हणणं खोटं ठरेल. पण रोजंदारीची सुरुवातच इतकी खालून होते की वाढूनही ती फार वर जात नाही. आणि ज्या पक्क्या पगाराच्या नोकरीसाठी आईबाप कर्ज काढून पोराला शिकवतात, तिचीच किंमत उतरली.

आता कारणं. पहिलं कारण त्या खिडकीवरच्या प्रश्नाचं उत्तरच आहे: ठेका. सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीनुसार संघटित कारखान्यांतल्या कामगारांपैकी ठेक्यावरचे २०२२-२३ मध्ये ४० टक्क्यांच्या वर गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते याच्या निम्मेच होते. ठेक्याचा फायदा कंपनीला केवळ कमी पगाराचा नसतो. आमच्याकडे तीन-चार वर्षांनी ठेकेदार बदलायचा. माणसं तीच, मशीन तेच, पण कार्ड नवं. नवं कार्ड म्हणजे नोकरीचा पहिला दिवस. मागची वर्षं पुसली की ग्रॅच्युइटीसाठी लागणारी सलग पाच वर्षं कधी भरतच नाहीत. तो मुलगा आयटीआय पास, पण पावतीवर 'अर्धकुशल'. ही नोंद मीच करत होतो. कागद ठेकेदाराकडून यायचा, मी उतरवून घ्यायचो.

दुसरं कारण, किमान वेतन वेळेवर बदलत नाही. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत किमान वेतनाचा एक हिशेब ठरला होता. एका कमावत्यामागे तीन माणसांचं अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीसाठी वीस टक्के. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरायला सांगितले. हिशेब इतका साफ आहे. तरी केंद्राने २०१७ मध्ये देशासाठी किमान पायरी ठरवली ती दिवसाला १७६ रुपये. २०१९ मध्ये सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने ३७५ सुचवले. पायरी त्याच्या निम्म्याच्या आसपासच राहिली.

आमच्या मध्य प्रदेशाचंच बघा. किमान वेतनाचा फेरविचार पाच वर्षांत व्हायला हवा असं कायदा सांगत होता. इथे २०१४ नंतर तो झाला २०२४ मध्ये. अकुशल कामगाराचं मूळ वेतन ६,५०० होतं, त्यावर २५ टक्के, म्हणजे १,६२५ रुपये वाढले आणि भत्त्यासह महिन्याला ११,८०० झाले. एप्रिलमध्ये वाढ लागू झाली, मालकांची संघटना न्यायालयात गेली, मे महिन्यात स्थगिती आली. ती उठली डिसेंबरात. महिन्याचे १,६२५ रुपये वरच्या माणसाच्या एका जेवणाचं बिल असेल. खाली तेवढ्यात महिन्याचं दूध आणि पोराच्या शाळेची रिक्षा भागते.

तिसरं कारण, कारखान्यात जे निर्माण होतं त्याची वाटणी बदलली. कच्चा माल, वीज, झीज वजा करून कारखाना जे नवं मूल्य तयार करतो, त्यात कामगारांच्या मजुरीचा वाटा १९८० च्या आसपास सुमारे तीस टक्के होता. २०१० च्या सुमारास तो दहा-बारा टक्क्यांवर आला. नंतर थोडा सावरला, जुन्या पातळीला पोचला नाही. यात यंत्रांचाही भाग आहे, हे मान्य. नवी यंत्रं आली की भांडवलाचा खर्च वाढतोच. पण खुद्द केंद्राच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत लिहिलंय की मोठ्या पाचशे सूचीबद्ध कंपन्यांचा नफा २०२३-२४ मध्ये २२.३ टक्क्यांनी वाढला आणि त्यांचा रोजगार फक्त १.५ टक्क्यांनी. नफ्याची वाढ घराघरांत पोचायची ती नोकरी आणि पगार यांच्याच वाटेने. ती वाट अरुंद झाली की पैसा वरच साठतो.

किती साठतो? थॉमस पिकेटी, नितीन कुमार भारती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२४ मध्ये भारताच्या शंभर वर्षांचा हिशेब मांडला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशाच्या उत्पन्नातला वरच्या एक टक्का लोकांचा वाटा सुमारे सहा टक्के होता. २०२२-२३ मध्ये तो २२.६ टक्के झाला, आणि संपत्तीतला वाटा ४०.१ टक्के. खालच्या अर्ध्या भारताला मिळून उत्पन्नातले पंधरा टक्के.

इथे कोणी म्हणेल, "अहो, भारत तर जगातल्या सर्वांत समान देशांपैकी एक आहे असं वाचलं." तेही छापून आलं आहे. जागतिक बँकेच्या आकड्यात भारताचा गिनी निर्देशांक २०२२-२३ साठी २५.५ आहे, आणि गिनी जितका कमी तितकी समानता जास्त. पण तो आकडा खर्चाचा आहे, उत्पन्नाचा नाही. श्रीमंत माणूस आपल्यापेक्षा हजारपट कमावत असला तरी हजारपट पोळ्या खात नाही. उरलेलं तो जमिनीत आणि शेअरमध्ये घालतो. खर्चाच्या पाहणीत ते दिसत नाही, आणि असे लोक पाहणी करणाऱ्याला दारही क्वचितच उघडतात. आपला खर्च मात्र पूर्ण दिसतो, कारण आपल्याकडे खर्चाशिवाय काही उरतच नाही. मग दोघांत फार अंतर नाही असं वाटणारच.

जुने दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. माझे वडील इंदुरात एका कापड गिरणीत होते. कापसाच्या धुळीने त्यांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. पण एका पगारात त्यांनी चार मुलं शिकवली आणि दोन खोल्या बांधल्या. गिरण्या बंद झाल्या तेव्हा काय झालं, त्याला इंदूर साक्षी आहे. हुकुमचंद मिल १९९१ च्या अखेरीस बंद पडली. सुमारे ४,८०० कामगारांच्या हक्काचे २२४ कोटी रुपये मिळाले डिसेंबर २०२३ मध्ये. बत्तीस वर्षांनी. कित्येकांच्या वतीने त्यांच्या विधवांनी आणि मुलांनी सह्या केल्या. संपत्तीला वाट बघावी लागत नाही, मजुरीला लागते. विषमतेची माझी व्याख्या एवढीच आहे.

आता ती जुनी पावती हातात घ्या. तुमचा तेव्हाचा आणि आत्ताचा पगार, त्या-त्या महिन्याचा निर्देशांक, आणि मी केला तसा भागाकार करा. २०२० च्या सप्टेंबरपासूनचा महिना असेल तरच २.८८ चा गुणाकार. मग पावतीवर तीन गोष्टी बघा: तुमची श्रेणी कुशल की अर्धकुशल, मूळ वेतन किती, आणि पीएफची रक्कम खात्यात खरंच जमा होते का. ठेक्यावर असाल तर हेही ध्यानात ठेवा की ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. हे कायद्यात आहे. एकट्याने विचारलं तर उत्तर "ठेकेदाराला विचार" असंच मिळतं. दहा जणांनी आपापले हिशेब एकत्र मांडून विचारलं, तर उत्तर लेखी द्यावं लागतं.

त्या मुलाला मी गेल्या वर्षी हा सगळा हिशेब फोनवर सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, हे तेव्हाच सांगितलं असतं तर?"

म्हणून तुम्हाला सांगतोय. पुढच्या भागात पीएफचं पासबुक कसं वाचायचं ते पाहू. तोवर पावत्या जपून ठेवा. नमस्कार.