विश्लेषण : विंडोज टाकताना डिस्क का नाकारली जाते? ‘डी ड्राइव्ह’मधली माहिती का जाते?

‘विंडोज १०’ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुना संगणक कोरा करून त्यावर ‘विंडोज ११’ टाकण्याचा घाट अनेक जण घरच्या घरी घालतात. पेनड्राइव्ह लागतो, भाषा निवडून होते आणि नेमके डिस्क निवडताना घोडे अडते : ‘या डिस्कवर विंडोज इन्स्टॉल करता येणार नाही.’ हा संदेश डिस्क बिघडल्याचा नसतो. मात्र तो घालवण्याच्या घाईत वर्षानुवर्षांचे फोटो आणि दुकानाचे हिशेब पुसले जाऊ शकतात.

संदेशाचा अर्थ काय?

डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात याची नोंद एका तक्त्यात असते. हा तक्ता दोन प्रकारचा असतो. ‘एमबीआर’ ही १९८०च्या दशकातली पद्धत. तिच्यात चारच मुख्य पार्टिशन मावतात आणि साधारण २ टीबीपलीकडची जागा वापरता येत नाही. ‘जीपीटी’ ही नवी पद्धत. विंडोजमध्ये तिच्यात १२८ पार्टिशन करता येतात आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी राखलेली असते.

संगणक सुरू होण्याच्याही दोन पद्धती आहेत : जुनी ‘लेगसी बायोस’ आणि नवी ‘यूईएफआय’. विंडोज यूईएफआय पद्धतीने टाकायचे तर डिस्क जीपीटी हवी, लेगसी पद्धतीने टाकायचे तर एमबीआर. ही जोडी जुळली नाही की इन्स्टॉलर डिस्क नाकारतो.

सर्वात आधी काय तपासावे?

डिस्क जीपीटी आहे म्हणून नाकारली जात असेल, तर दोष बहुधा पेनड्राइव्ह सुरू करण्याच्या पद्धतीत असतो. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह अनेकदा दोन नावांनी दिसतो. त्यातले ‘यूईएफआय’ लिहिलेले नाव निवडले की काम होते, काहीही पुसावे लागत नाही.

डिस्क एमबीआर असेल तर?

इथे दोन मार्ग आहेत. जुने विंडोज अजून चालू असेल, तर माहिती न पुसता तक्ता बदलता येतो. त्यासाठी ‘एमबीआर-टू-जीपीटी’ हे साधन विंडोजमध्येच २०१७ पासून आहे. त्याच्या अटी अशा : डिस्कवर तीनपेक्षा जास्त मुख्य पार्टिशन नसावेत, ‘एक्स्टेंडेड’ किंवा ‘लॉजिकल’ पार्टिशन नसावे आणि बिटलॉकर सुरू असल्यास तो आधी थांबवलेला असावा. प्रत्यक्ष बदलाआधी नुसती तपासणी करण्याची सोय त्यात आहे. बदल झाल्यावर बायोसमध्ये जाऊन यूईएफआय पद्धत निवडावीच लागते, नाहीतर संगणक सुरू होत नाही. माहिती पुसली जात नसली, तरी बॅकअप आधी घ्यावाच.

दुसरा मार्ग डिस्क पूर्ण कोरी करण्याचा. इन्स्टॉलरमध्ये शिफ्ट आणि एफ-१० दाबल्यावर काळी खिडकी उघडते. तिथे ‘डिस्कपार्ट’ सुरू करून ‘लिस्ट डिस्क’ म्हटले की यादी येते. ज्या डिस्कपुढे जीपीटीच्या रकान्यात तारांकन नाही, ती एमबीआर. मग ‘सिलेक्ट डिस्क’ आणि डिस्कचा क्रमांक, त्यानंतर ‘क्लीन’ आणि शेवटी ‘कन्व्हर्ट जीपीटी’.

धोका नेमका कुठे?

‘क्लीन’ ही आज्ञा ‘नक्की का?’ असे विचारत नाही. शिवाय यादीत नाव नव्हे, क्रमांक असतो. जोडलेली बाहेरची हार्ड डिस्कही त्याच यादीत दिसते. म्हणून निवड डिस्कच्या आकारावरून पक्की करावी आणि बाकीच्या डिस्क आधीच काढून ठेवाव्यात.

सर्वात महागात पडणारा गैरसमज ‘डी ड्राइव्ह’चा. अनेक जण सी ड्राइव्हमधली माहिती डीमध्ये हलवून निर्धास्त होतात. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. ‘क्लीन’ पूर्ण डिस्कवर चालते, त्यामुळे डीही जातो. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा आणि त्यातल्या दोन-चार फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात.

डिस्क दिसतच नसेल तर?

इंटेलच्या अकराव्या आणि त्यापुढच्या पिढीचे प्रोसेसर असलेल्या अनेक लॅपटॉपवर यादी रिकामी येते. डिस्क जागेवरच असते, इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून ‘रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर घेऊन, झिप उघडून पेनड्राइव्हवर ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ पर्यायातून दाखवावा.

चुकीची डिस्क पुसली गेली तर?

तिथेच थांबावे. साध्या ‘क्लीन’ने तक्ता जातो, फाइलींचा मजकूर लगेच नष्ट होत नाही. त्यावर नवे विंडोज टाकले किंवा फॉरमॅट केले, तर मात्र, विशेषतः एसएसडीवर, माहिती परत मिळण्याची आशा फारशी उरत नाही. संगणक बंद करून डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे न्यावी.